भिंतीवरचा धागा

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की मी माणसांच्या आधी भिंती बघते. घरची बाई पाण्याचा पेला पुढे करत असते आणि माझी नजर तिच्या खांद्यावरून खिडकीच्या कोपऱ्याकडे गेलेली असते. मुलगी मला दटावते, "आई, लोकांना वाटतं तू त्यांच्या घराला नावं ठेवतेस." वाटू दे. गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा असल्या तर मी निवांत पाणी पिते. त्या रंगाच्या हातानं बुजतात आणि पुन्हा उमटतात, त्यांनी कुणाचं वाईट होत नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांनी पायरी पायरीनं वर चढणारी भेग दिसली, किंवा दोन भिंती जिथे मिळतात तिथली उभी भेग खाली बारीक आणि वर रुंद दिसली, की मी पेला तसाच खाली ठेवते. मग मी तिच्या कडा बघते. जुन्या भेगेच्या कडा मळलेल्या असतात, आत जळमट असतं. नवी भेग आतून स्वच्छ असते. पण ती थांबली आहे की अजून वाढते आहे, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी तिच्यावर काहीतरी आडवं चिकटवून ठेवावं लागतं, आणि मग त्याला कुणी हात लावायचा नसतो.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. लालबागच्या चाळीत, सासरच्या खोलीत मला ते कळलं, तेही माझी मुलगी पाळण्यात होती तेव्हा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस होते.

माझं माहेर गिरगावातलं. वडील कारकून, घरात सगळं हळू आवाजात चालायचं. मी पहिल्यापासूनच भित्री. फटाक्यांना भ्यायचे, मांजराला भ्यायचे, पोस्टमन तार घेऊन आला की कुणाचीही असो, मला रडू यायचं. भाऊ मला भित्री भागूबाई म्हणायचा, आणि लग्नानंतर हे नाव त्यानं माझ्या नवऱ्याला सांगून टाकलं. नवरा फोर्टातल्या एका कचेरीत कामाला होता. कचेरीतून सुटला की तो घरी न येता थेट सभेला जायचा आणि आवाज बसवून घेऊन यायचा. सासरे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. सासूबाई त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात. तिथे बाया उभ्या राहून सूत भरायच्या. सूत तुटलं की दोन टोकं धरायची, गाठ मारायची, उरलेलं टोक नखानं खुडायचं आणि पुढच्या धाग्याकडे वळायचं. दिवसभर हेच काम.

सासूबाईंचे हात घरीही थांबत नसत. माझ्या पदराची एखादी दशी लोंबत असली की बोलता बोलता त्या दोन दशांची गाठ मारून मोकळ्या व्हायच्या. वाण्याच्या पुडीचा दोरा, गोधडीचा उसवलेला टाका, तुटलेला करगोटा, काही सुटलं नाही. कमरेला खोचलेला सुताचा एक लच्छा कायम असायचा, गिरणीतून सुटतानाही तो तसाच राहायचा. एकदा मी अळूवडीला बांधलेला दोरा सोडत होते, तर माझ्या मागोमाग त्यांनी दुसऱ्या बाजूनं तो पुन्हा बांधला. मी हसले. त्या म्हणाल्या, "काय गो, काय झाला?" आपण काय केलं ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या अगदी टोकाला. शेवटची खोली असल्यानं एका अंगाला शेजार नव्हता, चाळीची बाहेरची भिंत होती. त्या भिंतीला एक खिडकी होती आणि वारा छान यायचा. लग्न ठरवताना माझ्या वडिलांना त्या खिडकीचंच कौतुक सांगितलं होतं. खिडकीखाली एक म्हशींचा तबेला होता. मुलगी झाली आणि मी माहेरून परत आले, तोवर तो तबेला पाडून झाला होता आणि त्या जागी नव्या इमारतीच्या पायासाठी खड्डा खणायला घेतला होता. खड्डा आमच्या भिंतीच्या अगदी बुडाशी आला होता. वरून बघितलं की चाळीच्या पायाचे दगड उघडे दिसायचे. मग बंद आणि हरताळ सुरू झाले, मजूर येईनासे झाले, खड्डा तसाच राहिला. आमच्या मोऱ्यांचं पाणी त्यात साचायला लागलं.

पाळणा त्याच भिंतीजवळ टांगला होता. त्या भिंतीवर टेकलेल्या तुळईला पूर्वीपासून कडी होती, माझा नवराही त्याच कडीला टांगलेल्या पाळण्यात वाढला होता. पाळण्याच्या डोक्याशी, जिथे ती भिंत गॅलरीकडच्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात, मला पहिल्यांदा भेग दिसली. मुलीला दुपट्यात गुंडाळताना पाळण्यात बारीक चुना पडलेला दिसला म्हणून मी वर पाहिलं. पेन्सिलीनं ओढावी तशी उभी रेघ होती.

नवऱ्यानं चुना कालवून ती बुजवली. आठवडाही गेला नसेल, ती पुन्हा उघडली. तो पुन्हा चुना कालवायला बसला तेव्हा सासऱ्यांनी त्याला अडवलं.

"भरू नको," ते म्हणाले. "भरलंस तर कळतला काय? वायंच बघूंया, ती वाढता की नाय."

त्यांनी आपल्या साच्यावरचा जाडसर सुताचा एक धागा आणला. मला पीठ शिजवून खळ करायला सांगितली. भेगेच्या दोन्ही बाजूंना खळ लावून त्यांनी तो धागा आडवा, ताठ चिकटवला. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर, म्हणजे रोज नीट दिसेल. भिंत हलली तर धागा ताणेल आणि तुटेल, नाही हलली तर शाबूत राहील, असा तो हिशेब होता. "धागो खोटा बोलूचो नाय," ते म्हणाले, आणि कुणी त्याला हात लावायचा नाही अशी घरात ताकीद दिली. मला ती युक्ती फार आवडली. इतक्या दिवसांनी मला शांत झोप लागली.

रोज सकाळी पाळीला निघताना सासरे दारातूनच कोपऱ्याकडे बघायचे. डोळ्यांना लांबचं बरं दिसायचं, जवळचं धूसर. धागा ताठ दिसला की म्हणायचे, "शाबूत आसा." की झालं, दिवस सुरू.

पण मला काही ते पटेना. ढेकूण होतात म्हणून सासूबाईंनी भेगेत रॉकेलची चिंधी कोंबली होती, त्यामुळे भेग किती रुंद आहे ते कुणाला दिसत नव्हतं. मी रोज तिथेच बसून मुलीला पाजायचे. पूर्वी चिंधीच्या कडेला माझ्या केसांतल्या आकड्याचं टोक शिरत नव्हतं, आता शिरायला लागलं. मग पूर्ण आकडा शिरायला लागला. सासूबाई मधूनच आणखी एक चिंधी दाबून बसवायच्या. पाळण्यात चुना पडतच होता. मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं कोपऱ्याकडे बोट केलं.

"धागा तुटलाय का?"

"नाही."

"मग झालं तर. भागूबाई, अख्खी मुंबई पेटलीय आणि तू भिंतीत आकडे खुपसत बसलीयस?"

मला त्याचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्या ताटात मुद्दाम मीठ वाढलं नाही. पण धागा खरंच शाबूत होता. मला माझ्या डोळ्यांपेक्षा त्या धाग्यावर विश्वास ठेवणं भाग होतं, आणि हीच भीती सगळ्यांत वाईट. ज्या भीतीला कारण आहे ती चारचौघांत सांगता येते. मुलगी झोपली की मी तिच्या तोंडावर हात आडवा धरून बसायचे, जणू माझ्या हातानं वीट अडणार होती.

मग एक दिवस गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला.

सकाळपासून रस्त्यावर हत्यारी पोलीस उभे होते. गिरण्या बंद, दूध नाही, भाजी नाही. पलीकडच्या चाळीतून पोरांनी दगड मारले आणि खालून गोळ्या झाडल्या गेल्या. गॅलरीत डोकावलेल्या एका माणसाला गोळी लागली अशी बातमी खोल्याखोल्यांतून पुढे सरकत आमच्यापर्यंत आली. कुणीही गॅलरीत यायचं नाही, कठड्यावरून वाकायचं नाही, असा खालून भोंग्यावर पुकारा झाला. आमची गॅलरी रस्त्याच्याच बाजूला होती. आम्ही दार लावून घेतलं. एका खोलीत आम्ही चौघं आणि पाळण्यातली मुलगी. गोळीचा आवाज झाला की खिडकीचं तावदान वाजायचं. आवाज कुठून येतोय ते ऐकू की भिंतीतून चुना पडल्याचं ऐकू, हे मला कळेना. बाहेर जायची भीती, आत बसायची भीती. मी देवाला काय मागावं तेही ठरवू शकत नव्हते.

दुपार झाली. सासरे चटईवर आडवे झाले होते, नवरा दाराच्या फटीला डोळा लावून उभा होता. मी चुलीवरची पेज ढवळत होते. सासूबाई नेहमीसारख्या कोपऱ्यात बसून पाळण्याची दोरी ओढत होत्या आणि मला त्यांच्या लग्नातली गोष्ट सांगत होत्या, बोटीवर वऱ्हाडातल्या म्हातारीचा शालू कसा उडून समुद्रात गेला ती. मला हसवायचा त्यांचा प्रयत्न होता. मी हसायला म्हणून त्यांच्याकडे वळले.

त्यांचा डावा हात पाळण्याची दोरी सोडून भिंतीकडे गेला. कमरेच्या लच्छ्यातून त्यांनी वीतभर सूत ओढलं. भिंतीवरून धाग्याची दोन टोकं लोंबत होती. तोंडानं गोष्ट चालूच होती. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला गाठ, धागा ताठ, नखानं खुट खुट करून टोकं खुडली, आणि हात परत पाळण्याच्या दोरीवर आला. मी पळी हातात धरून बघत राहिले. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून जास्त वेळ त्याला लागला नसेल.

"आई!" मी ओरडले. "काय केलंत तुम्ही?"

गोष्ट थांबली. "मी? मी काय केलंय?"

"धागा जोडलात! तुटला होता, तुम्ही जोडलात!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे. मग त्यांनी आपल्या मांडीवरचा हात उलटा केला. बोटांना खुडलेल्या सुताचा एवढासा तुकडा चिकटला होता. "माका ठावक नाय," त्या म्हणाल्या. "देवाशपथ, माका ठावकच नाय."

सासरे उठून आले. त्यांनी पहिल्यांदाच धाग्याला हात लावला. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते हळूहळू सरकत गेले, साच्यावर सुतातला दोष शोधतात तसे. जाताना चिमूट अडत होती. एक गाठ. पुन्हा एक. पुन्हा. शेवटी त्यांनी तो धागा खिडकीच्या उजेडात माझ्या नवऱ्याला दाखवला. त्यांचा जाडसर धागा दोन्ही बाजूंना खळीत रुतलेला तेवढा उरला होता. मधला सगळा धागा बारीक होता, वाइंडिंग खात्यातला, सासूबाईंच्या कमरेचा.

एवढ्या वेळा भिंत सरकली होती आणि एवढ्या वेळा धाग्यानं सांगितलं होतं. रोज दुपारी पाळीवरून येऊन त्या नातीला झोपवायला तिथेच बसायच्या, आणि तुटलेलं सूत डोळ्यांसमोर आलं की हात आपोआप पुढे व्हायचा. सासऱ्यांना ते सकाळी दारातून ताठ दिसायचं. गाठी मारणाऱ्या हातांनी गाठ अशी मारली होती की मी तिथे बसून मुलीला पाजत होते तरी मला ती दिसली नव्हती.

नवऱ्यानं चिंधी उपसली. एकामागून एक चिंध्या निघत गेल्या, काळ्या, रॉकेलच्या वासाच्या. शेवटची निघाली तेव्हा भेगेतून वर, तुळईपाशी, उजेडाची एक काडी आत आली. मी मुलीला पाळण्यातून उचललं. ती रडायला लागली.

"इथनं निघायचं," नवरा म्हणाला. त्याचा बसलेला आवाज आणखी बसला होता.

"खय जातलंव?" सासरे म्हणाले. "भायर पोलीस आसत."

आणि ते खरं होतं. जिना चाळीच्या मध्यावर. तिथवर जायचं तर सगळी गॅलरी ओलांडायची, आणि गॅलरीत दिसणाऱ्या माणसावर सकाळी गोळी झाडली गेली होती. खोलीच्या मधोमध आम्ही उभे राहिलो, ना भिंतीपाशी ना दारापाशी. मला सांगायला लाज वाटत नाही, मी मोठमोठ्यानं रडत होते. मुलीला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की तीच घाबरून गप्प झाली.

नवऱ्यानं दार थोडं उघडून शेजारच्या खोलीला हाक मारली, शेजारच्यांनी पुढच्या खोलीला. जिन्यापलीकडे सासूबाईंच्या खात्यातली एक बाई राहायची. तिच्याकडून तोंडातोंडी निरोप आला, पोराला घेऊन या, दार उघडं ठेवते. बोलावणं आलं, पण पाय कुणाचा उचलेना. नवरा पुढे झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला मागे ओढलं.

"बापयो बघितलो की ते गोळी घालतले," त्या म्हणाल्या. पुरुष दिसला की गोळी सुटेल, बाई दिसली तर कदाचित थांबतील, असं त्यांचं म्हणणं. मग मला म्हणाल्या, "चेडवाक घे. तू भिंतीकडसून वाकान चल. मी भायल्या अंगान चलतंय."

नातीला त्या चेडू म्हणायच्या. माझ्या डोक्यावरून त्यांनी पदर ओढला, आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. मी कंबरेत वाकून, मुलीला पोटाशी घेऊन, खोल्यांच्या दारांना घासत चालले होते. त्या माझ्या आणि कठड्याच्या मध्ये, ताठ. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर धरले होते, बोटं फाकून, खालच्या पोलिसाला दिसावेत म्हणून. खालून कुणीतरी खेकसलं. त्या थांबल्या नाहीत. मी वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण एकदा बघितलंच. इतक्या वर्षांत ते हात रिकामे असलेले मी कधी पाहिले नव्हते. बंद दारांआडून बाया "या, या, लवकर या" असं कुजबुजत होत्या. आमची गॅलरी पुढे कधी मी मोजली नाही, पण तेव्हा ती संपतच नव्हती.

आम्ही पोचलो. मागून सासरे आणि नवरा रांगत आले. खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोल्याही तशाच रिकाम्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला. आम्हांला वाटलं गोळीबारच. त्या छोट्या खोलीत आम्ही सगळे जमिनीवर पालथे पडलो, मी मुलीवर ओणवी झाले. पण गोळीचा आवाज तुटक असतो, हा लांबत गेला, आणि मग गॅलरीतून चुन्याचा पांढरा लोट आला. टोकाच्या भिंतीचा वरचा भाग खड्ड्यात गेला होता. कर्फ्यू थोडा वेळ उठला तेव्हा नवरा बघून आला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, तुळईचं एक टोक खाली आलंय, पाळण्यावर. घाईत आम्ही पाळणा तसाच टांगलेला सोडला होता. दुपटंही आत होतं.

त्या दिवसापासून त्यानं मला भागूबाई म्हणणं सोडलं. मीच कधीकधी आठवण करून द्यायचे.

पुढे भिंतीला लाकडी टेकू लागले, खड्ड्याच्या मालकाशी भांडणं झाली, भिंत नव्यानं बांधली. तोवर आम्ही माझ्या माहेरी गिरगावात अडचणीत दिवस काढले. गिरण्या सुरू झाल्या तशा सासूबाई तिथून कामावर जायला लागल्या. त्यांच्या खात्यातल्या त्या बाईनंच मला सांगितलं, तुझ्या सासूचं काम मंदावलंय. सूत तुटलं की ती आधी थांबते, हातात दोन्ही टोकं धरून बघत राहते, मग गाठ मारते. मुकादम ओरडतो. घरी त्यांनी कमरेचा लच्छा ठेवणं बंद केलं. पदराची दशी लोंबली तरी बघायच्या नाहीत. बसल्या की हात मांड्यांखाली घालून बसायच्या.

आम्ही लालबागला परत आलो तेव्हा नव्या भिंतीला अजून चुन्याचा ओला वास होता. सासऱ्यांनी नवीन पाळणा आणला आणि त्याच तुळईला टांगला. मुलगी आता बसायला लागली होती, पण झोपायला पाळणाच लागायचा. दुपारी सासूबाई पाळीवरून आल्या, हातपाय धुतले आणि लांब, दाराशी जाऊन बसल्या. मुलगी त्यांच्याकडे बघून रडत होती, तिला आजीच हवी होती. मी त्यांना बोलावलं.

"तूच हलय गो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातांचो माका भरवसो नाय."

मला सांगावंसं वाटलं की त्याच हातांनी तुम्ही आम्हांला गॅलरी ओलांडून आणलंत. पण तो विषय काढला की त्या उठून जायच्या, म्हणून मी नाही काढला. मुलगी रडून रडून लाल झाली होती. मी उठले, त्यांचा हात मांडीखालून ओढून काढला, त्यांना पाळण्याशी आणून बसवलं आणि दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती विंचू धरावा तशी धरली. पाळणा हलला. मुलगी हळूहळू गप्प झाली.

मी पेज बघायला उठत होते, तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या हातानं माझा पदर धरला.

"खय चललंस? हयच बस," त्या म्हणाल्या. "चेडू झोपासर माझ्या हातांवर नजर ठेव."

मी त्यांच्यासमोर बसले. पेज करपल्याचा वास आला तरी उठले नाही.